जय, वीरू आणि वाटणी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला की मी दरवर्षी "बघते हं" म्हणून वेळ मारून नेते. इथे इतके डॉक्टर, इंजिनियर, गिर्यारोहण करणारे, मॅरेथॉन धावणारे सभासद आहेत. माझ्यासारख्या गृहिणीकडे सांगण्यासारखं काय असणार? या वर्षी मात्र धाकटा म्हणाला, "आई, तू जय-वीरूबद्दल लिही ना." आणि मला वाटलं, खरंच की! आमच्या घरात गेल्या काही वर्षांत घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट दोन उंदरांमुळे घडली. डोंगर पोखरून उंदीर काढतात, आम्ही उंदीर पाळून डोंगर हलवला!

गोष्ट २०२२ च्या ईस्टरच्या सुट्टीतली. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि दोन वर्षं कुत्र्यासाठी हट्ट करत होता. आम्ही दोघंही नोकरीवर, कुत्र्याला फिरवणार कोण? मांजर म्हटलं तर थोरलीला शिंका. शेवटी तडजोड होत होत आम्ही उंदरावर येऊन ठेपलो. सोळा वर्षांखालच्या मुलाला इथे कायद्याने प्राणी विकत नाहीत, म्हणून खरेदी माझ्या नावावर झाली. साताऱ्याची मी, जिच्या माहेरी रात्री उंदराचा पिंजरा लावून त्यात भाकरीचा तुकडा अडकवायचे, ती लीड्समध्ये चांगले पौंड मोजून पिंजरा आणि उंदीर दोन्ही विकत घेऊन घरी आले! त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या बाईंनी घरात उंदीर झाले म्हणून पैसे देऊन माणूस बोलावला होता. त्यांना आमची खरेदी कळू नये म्हणून मी पिंजरा चादरीत गुंडाळून आत नेला.

दुकानातली मुलगी म्हणाली होती, "दोघे सख्खे भाऊ आहेत, एकत्र मजेत राहतील." एक पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचा, दुसरा काळाभोर. दोघे मिळून माझ्या ओंजळीत मावतील एवढे. घरी नुकताच 'शोले' दाखवून झाला होता, त्यामुळे नावं ठेवायला वेळ लागला नाही. ठिपक्यांचा तो जय आणि काळा तो वीरू. रात्री एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचे. धाकट्याने भिंतीवर चित्र काढून चिकटवलं : ये दोस्ती!

मे महिन्यात सासूबाई आल्या. व्हिसा सहा महिन्यांचा. त्या वाईच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी तो पिंजरा पाहिला आणि हातातला चहाचा कप टेबलावर ठेवून दिला.

"अगं, हे काय? उंदीर पाळलेत?"

"आजी, गणपतीचं वाहन आहे," धाकट्याने लगेच बाजू मांडली.

"वाहन गणपतीपाशीच बरं. मी वाईत रोज ढोल्या गणपतीचं दर्शन घेते, पण म्हणून घरात उंदीर नाही आणून बांधले कधी!"

तर अशी सुरुवात. आणि तरीही भांडण पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्याच. त्या पहाटे पाचला उठतात. जूनच्या सुरुवातीला एक दिवस मला म्हणाल्या, "ते तुमचे दोघं रात्रभर ओरडतात. आणि ठिपक्यांचा तो शेपटी आपटतो, बघ जरा."

मी पाहिलं तर खरंच. जय अंग फुगवून उभा, शेपटी पिंजऱ्याच्या तळावर तडतड वाजवत होता आणि वीरू एका कोपऱ्यात मागच्या पायांवर उभा राहून चिरकत होता. मी म्हटलं, भाऊच ते, थोडं फार होणारच. आमची थोरली आणि धाकटा काय कमी भांडतात? नंतर वाचलं तेव्हा कळलं, की थोडा पाठलाग, थोडी ढकलाढकली हे उंदरांमध्ये चालायचंच. त्यातून थोरला कोण, धाकटा कोण हे ठरतं. पण शेपटी आपटणं ही धमकी असते. आणि पाठीवर, शेपटीच्या बुडाशी जखमा दिसू लागल्या, एकजण दुसऱ्याला खाण्यापाण्याशी येऊ देईना, दोघं वेगवेगळे झोपू लागले, की ते भांडण राहत नाही, ती मारहाण असते. आमच्याकडे पंधरा दिवसांत हे सगळं दिसायला लागलं. साधारण सहा आठवड्यांचे झाले की नर वयात येतात आणि काही जोड्यांमध्ये तिथून पुढे हे सुरू होतं.

आता यात आमच्या चुका किती, ते सांगते. कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरी मुलांनी हट्ट धरला असेल तर उपयोगी पडेल.

पहिली चूक माझी. नर उंदरांच्या लघवीचा वास फार उग्र. मी पडले मराठी गृहिणी! एक दिवसाआड पिंजरा रिकामा करून, गरम पाण्याने घासून, जंतुनाशकाने पुसून लख्ख करायची. आणि दर वेळी पिंजरा धुतला, की अर्ध्या तासात आत रणधुमाळी. मला वाटायचं, स्वच्छ घर बघून यांना झालंय तरी काय? तर उंदराच्या दृष्टीने तो वास म्हणजे घाण नसते, तो सातबाराचा उतारा असतो! कुठून कुठपर्यंत माझं, कोण इथला मालक, हे सगळं त्या वासात लिहिलेलं असतं. मी दर दोन दिवसांनी तो उतारा पुसून टाकत होते आणि ते बिचारे दर दोन दिवसांनी नव्याने मोजणी करत होते. त्यावर उपाय असा, की सफाई कमी वेळा करायची आणि घरट्याचे कागदाचे मऊ कपटे तसेच नव्या भुश्श्यात नेऊन ठेवायचे. ओला भुस्सा मात्र न्यायचा नाही, त्याने उलट माथी भडकतात. आम्ही तसं केलं आणि आठवडाभर खरोखर शांतता होती.

दुसरी चूक नवऱ्याची. त्याने हौसेने एक लाकडी बंगली आणली. एकच दार, एकच खिडकी. जय त्या दारात जो जाऊन बसला तो उठेचना. पाळायला जागा एक, पळायचं चाक एक, पाण्याची बाटली एक, मग राखणदारी करणं सोपंच. जाणकार सांगतात, की प्रत्येक वस्तू दोन ठेवा, पिंजऱ्याच्या दोन टोकांना ठेवा, दाणे एका वाटीत न देता विखरून टाका, आणि लपायची जागा अशी द्या की जिला दोन दारं असतील, म्हणजे मार खाणाऱ्याला मागून निसटता येईल.

तिसरी चूक धाकट्याची. त्याच्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडे चार उंदरीणबाई होत्या. त्यांना खेळवून तसाच हात त्याने आमच्या पिंजऱ्यात घातला. पुढचं सांगायला नको! एरवी आंधळ्यागत वागणाऱ्या उंदराचं नाक मात्र सगळं वाचतं. या वासाचा अभ्यास आपल्या शेजारीच, लिव्हरपूलच्या विद्यापीठात झालेला आहे. तिथल्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नर उंदराच्या लघवीत एक प्रथिन सापडलं, ज्याच्या वासाने मादी त्या ठराविक नराकडे ओढली जाते. २०१० साली त्यांनी ते जाहीर केलं आणि त्याचं नाव ठेवलं डार्सिन, जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून! थोरलीला जीसीएसईला तीच कादंबरी होती. तिने तेव्हापासून जयला मिस्टर डार्सी म्हणायला सुरुवात केली.

सासूबाई हे सगळं खुर्चीवर बसून बघत होत्या. दोन बाटल्या आल्या, दोन वाट्या आल्या, दोन दारांचं घर आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चूल एकच ठेवून भांडी दोन केलीत होय?"

चौथी चूक सगळ्यांत मोठी आणि ती आम्हा सगळ्यांची. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा चाळीसच्या वर गेला, तो आठवडा तुम्हाला आठवत असेल. त्या उकाड्यात एका रात्री वीरू किंचाळला. दिवा लावला तर त्याची पाठ रक्ताळलेली. मी घाबरून मध्ये हात घातला, त्याची खूण अजून माझ्या बोटावर आहे. (भांडणाऱ्या उंदरांच्या मध्ये कधीही हात घालू नये, पुठ्ठा सरकवावा किंवा टॉवेल टाकावा.) वीरूला बुटाच्या खोक्यात ठेवला. तीन दिवसांनी जखम सुकली तशी धाकटा रडायला लागला. "वीरूला एकटं वाटत असेल. ते भाऊ आहेत. त्यांना परत एकत्र ठेवा." आम्ही विचार केला, तिऱ्हाईत जागी भेट घडवू. रिकाम्या बाथटबमध्ये दोघांना सोडलं. दोघांनी एकमेकांना हुंगलं. एक क्षण वाटलं, आता मिठी मारतात. आणि मग जो गोळा झाला, त्यात कोण कुठला तेही कळेना. नवऱ्याने टॉवेल टाकला म्हणून वीरू वाचला. एकदा वेगळे केलेले मोठे नर पुन्हा एकत्र आणू नयेत, हे आम्हाला प्राण्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

डॉक्टरांनी आणखीही बरंच सांगितलं. नराचं ऑपरेशन करता येतं, त्याने काही आठवड्यांत रग कमी होऊ शकते, पण तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला भूल देणं म्हणजे जोखीम. झाल्यावर पुन्हा एकत्र राहतीलच याची खात्री नाही. मग त्या म्हणाल्या, "मोकळ्या रानात जो हरतो तो पळून जातो. इथे हरलेल्याने पळायचं कुठे? जो मारतो तो दुष्ट नाही आणि जो मार खातो तो दुबळा नाही. जागा कमी आहे." इथला २००६ सालचा प्राणी कल्याण कायदासुद्धा हेच म्हणतो, हे मला नंतर कळलं. पाळलेल्या प्राण्याच्या ज्या गरजा मालकाने भागवायला हव्यात, त्यात त्याला दुसऱ्यांसोबत ठेवण्याची गरज जशी धरली आहे, तशीच दुसऱ्यांपासून वेगळं ठेवण्याचीही. 'वेगळं ठेवणं' हीसुद्धा एक गरज, असं कायद्यात लिहिलेलं वाचून मी थोडा वेळ तशीच बसले.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ठराव झाला. दुसरा पिंजरा आणायचा. पिंजरे शेजारी-शेजारीही ठेवायचे नाहीत, वास येत राहिला तर दोघंही अस्वस्थ राहतील. जय धाकट्याच्या खोलीत राहील. वीरू कुठे? थोरली म्हणाली, माझ्या खोलीत नको, अभ्यास आहे. आमच्या खोलीत जागा नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माझ्या खोलीत ठेवा. मी तशीही पहाटे उठते."

आणि मग भाताचा घास उचलता उचलता, नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "उंदरांची वाटणी केलीत ती बरी केलीत. आता तुम्हा दोघांची करा. माझ्या डोळ्यांदेखत."

टेबलावर कोणी काही बोललं नाही.

इथे थोडं आमच्या घरचं सांगायला हवं. वाईला घाटाजवळ सासऱ्यांचा वाडा आहे. सासरे आणि चुलत सासरे एका चुलीवर राहावेत हा आजेसासऱ्यांचा हट्ट. त्यांनी हयातीत वाटणी केली नाही. पुढे नळाच्या पाण्यावरून सुरू झालेलं भांडण कोर्टात गेलं आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. एवढं भोगूनही सासऱ्यांनी आपल्या वाट्याचं तेच केलं. "तुम्ही दोघं भाऊ, तुम्हाला कागद कशाला?" ते २०१६ साली गेले. दीर वाड्यात राहतात, छप्पर गळलं की खर्च तेच करतात. आम्ही इथून सल्ले देतो. त्यांना मागची बाजू पाडून बांधायची होती, नवऱ्याने सही दिली नाही. त्याच्या मनात काय होतं देव जाणे. त्याला वाटायचं, कागदावर रेघ मारली की वाई सुटली. दोन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. सासूबाई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. तिकडचं इकडे सांगत नसत, इकडचं तिकडे सांगत नसत.

त्या रात्री नवरा म्हणाला, "आई, उंदरांची गोष्ट वेगळी. दादा माझा भाऊ आहे."

"ते दोघंही भाऊच आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि ताट घेऊन उठल्या.

वीरू त्यांच्या खोलीत गेला. पहिले चार दिवस तो घरट्यातून बाहेरच आला नाही. मग मला आठवलं, की उंदराला शेपटीने उचललं तर तो घाबरतो, नळीत घेऊन उचललं तर घाबरत नाही. हेही लिव्हरपूलच्याच मंडळींनी दाखवलेलं. मी टॉयलेट रोलची रिकामी नळी आत ठेवली. महिन्याभराने एका पहाटे पाहते तर सासूबाई ती नळी तळहातावर धरून बसलेल्या आणि वीरू अर्धा बाहेर येऊन त्यांच्या बोटावरचा बाजरीचा दाणा खातोय! मला पाहून म्हणाल्या, "याची पाठ भरून आली बघ." ही तीच बाई, जिच्या आजीच्या तोंडून तिने प्लेगच्या साथीच्या गोष्टी ऐकलेल्या, घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून माळावर झोपडीत जायचं, असल्या.

आणि जय? तोही शांत झाला, हे मला अपेक्षित नव्हतं. राखायला काही उरलं नाही म्हणून की काय, शेपटी आपटणं थांबलं. धाकट्याच्या बाहीत शिरून खांद्यापर्यंत जायचा. एकट्या नराला माणसाची सोबत जास्त लागते, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा-अर्धा तास दोघांना वेगवेगळं बाहेर काढायचं, मध्ये हात धुवायचे, हा नियम. धाकट्याने वहीत वेळापत्रक केलं आणि पाळलं.

ऑगस्टमध्ये सासूबाईंना घेऊन किलबर्नला गेलो होतो. इथून तासाभरावर, उत्तर यॉर्कशरमधलं लहानसं गाव. तिथे रॉबर्ट थॉम्प्सन नावाचे सुतार होऊन गेले, १८७६ ते १९५५. ओकच्या लाकडाचं काम, आणि केलेल्या प्रत्येक वस्तूवर एक छोटा उंदीर कोरायचे, म्हणून त्यांना 'माऊसमॅन' म्हणत. त्यांच्या कारखान्यात आजही तशाच वस्तू होतात. खुर्चीच्या पायावर उंदीर, टेबलाच्या कडेला उंदीर, देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या बाकांवरही उंदीर. सासूबाई चष्मा लावून एकेक शोधत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माणूस शहाणा होता. एका खुर्चीला एकच उंदीर."

नवरा मोठ्याने हसला. बऱ्याच दिवसांनी.

३१ ऑगस्टला गणपती बसले. त्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर त्याने स्वतःहून वाईला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू आलं नाही. सुरुवातीला दोघंही पावसाबद्दल बोलत होते, इथल्या आणि तिथल्या. मग तो म्हणाला, "दादा, मागची बाजू तू घे. पुढच्या दोन खोल्या माझ्या नावावर राहू देत. कागद कर." पलीकडून बराच वेळ काही आलं नसावं. मग तो म्हणाला, "नाही रे, रागाने नाही म्हणत."

नोव्हेंबरमध्ये सासूबाईंना सोडायला तो गेला तेव्हा वाटणीपत्रावर सह्या झाल्या. सासूबाई दोघांच्या मध्ये बसून होत्या म्हणे. सही झाल्यावर सगळ्यांनी बाहेर टपरीवर चहा घेतला आणि पैसे कोणी द्यायचे यावरून दोघे भाऊ पुन्हा भांडले.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दोघंही बोलायला तुसडे ते तुसडेच. पण आता पुढच्या खोल्यांचं छप्पर गळलं की दीर फोटो पाठवतात, नवरा पैसे पाठवतो, आणि सल्ला कोणीच कोणाला देत नाही. गणपतीत व्हिडिओवर आरती एकत्र होते.

जय २०२४ च्या जानेवारीत गेला. उंदराचं आयुष्य असतं साधारण दोन वर्षांचं, तेवढं तो जगला. मागच्या अंगणात गुलाबाखाली धाकट्याने त्याला पुरलं. वीरू एप्रिलपर्यंत होता. शेवटी शेवटी त्याचे पाय चालत नव्हते, नळीतच बसून राहायचा. तो गेला त्या दिवशी धाकट्याने विचारलं, "आई, आता दोघांना शेजारी ठेवलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

त्याने जयच्या शेजारी खड्डा खणला. मग थोडा विचार केला, आणि गुलाबाच्या दुसऱ्या बाजूला नवा खणला.

संध्याकाळी वाईला फोन करून सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाजरी उरली असेल ती चिमण्यांना घाल."